कुंभाराची लाकडी मैना

फार वर्षं झाली, एका टेकडीच्या पायथ्याशी एक म्हातारा कुंभार राहायचा. त्याच्याकडे एक लाकडी मैना होती, टेकडीवरच्या कारागिराने केलेली. तिच्यापुढे जे बोलाल ते ती त्याच आवाजात जपून ठेवायची आणि रोज ठरल्या वेळी बोलून दाखवायची.

कुंभारीण वारली त्याला चार वर्षं झाली होती. पण ऊन माथ्यावर आलं की मैना तिच्याच आवाजात म्हणायची, "अहो, चाक थांबवा. दोन घास खाऊन घ्या." मग कुंभार हात धुवायला उठायचा. बाई गेली तरी तिचा धाक गेला नव्हता, आणि त्यालाही तो जायला नको होता.

आता गंमत बघा. या गावचे लोक मोठे चिकित्सक. साधं मडकं घेतील, तेही चार ठिकाणी बोटाने वाजवून. अशी मैना मात्र घरोघरी सगळ्यांनी डोळे मिटून विकत घेतली. बिघडली तर इथवर आणूही नका, मी टेकडीवरून शीळ घालीन, ती जागच्या जागी नीट होईल, असं कारागीर म्हणाला होता. लोकांना वाटलं, केवढी सोय! जो लांबून देऊ शकतो तो लांबून काढूनही घेऊ शकतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढे कारागिराने नव्या मैना घडवल्या. पण जुन्या बोलत असताना नव्या घेतंय कोण? एका सकाळी त्याने टेकडीवरून लांबलचक शीळ घातली.

त्या दिवशी ऊन माथ्यावर आलं आणि कललंसुद्धा. कुंभार चाकापाशी वाट बघत बसला. मैना गप्पच. भाकरी संध्याकाळपर्यंत टोपलीत तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत टेकडी चढला. कारागीर म्हणाला, मैना तुझ्याच घरी आहे, तिला मी हात तरी लावला का? बोलणं तेवढं माझं होतं, ते परत घेतलं. नवी घेऊन जा आणि हवं ते शिकव.

"शिकवील कोण?" कुंभार म्हणाला. "शिकवणारी आता नाही."

कारागीर वरमला. त्याने पुन्हा शीळ घालून पाहिली, उलटसुलट घालून पाहिली. पण पुसला गेलेला आवाज काही परत येईना. शेवटी त्याने म्हाताऱ्याला प्यायला पाणी दिलं.

कुंभाराने पाण्याचा रांजण बोटाने वाजवून पाहिला. त्याच्याच हातचा होता, वीस वर्षांपूर्वी विकलेला. "दादा, हा तुला दिला त्याच दिवशी मी यावरचा हात काढला," तो म्हणाला. "पाणी अजून गार राहतं ना?"

कारागिराने रांजणावर हळूच झाकण ठेवलं.

गोष्ट गावभर झाली. पुढच्या बाजारात जो तो नव्या मैनेपुढे उभा राहून एकच विचारी, ही तुझी शीळ ऐकते का? कारागीर मान खाली घाली. मैनांनी भरलेली पाटी तो तशीच घरी घेऊन गेला.

कुंभाराने मात्र आपली मैना कोनाड्यातून हलवली नाही. ऊन माथ्यावर आलं की तो तिच्याकडे बघायचा, जरा थांबायचा. मग आपणच हळू आवाजात म्हणायचा, "अहो, चाक थांबवा." आणि हात धुवायला उठायचा.

तात्पर्य: वस्तू विकूनही जो तिच्यावरचा हात सोडत नाही, त्याने ती कधी दिलेलीच नसते, म्हणून घेताना वस्तूच्या आधी देणारा वाजवून बघावा.