आंधळ्या बोटांची मोजणी

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी, ते विचारू नका. सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही.

डोंगराच्या कुशीत एक तळं होतं. तळ्याला मातीचा बांध आणि बांधाखाली दोनशे घरांचं गाव. तळं तुडुंब भरलं, की बांधातली मोरी उघडावी लागे. मोरीवरची सागवानी फळी अशी अवजड, की सगळं गाव दोराला लागलं तरच ती हले. म्हणून बांध राखणाऱ्या बांधकऱ्यानं नगारा वाजवला, की हातातला घास टाकून माणसं धावत. कशाला, असं कुणी विचारत नसे.

हा बांधकरी गाव दर उन्हाळ्यात निवडी. घरटी एक बी मडक्यात पडे. एकासाठी चिंचोका, दुसऱ्यासाठी सागरगोटा. मोजायला धोंडीबाबा, जन्मापासून आंधळे. गावाचं म्हणणं असं, की ज्याला नजरच नाही, त्याची नजर फिरणार कशी?

भिवाजी दहा वर्षं बांधकरी होता. अकराव्या वर्षी साळूबाई त्याच्यासमोर उभी राहिली. बाबांनी मडकं पालथं केलं आणि चाचपून मोजलं. चिंचोके एकशे सात, सागरगोटे त्र्याण्णव. चिंचोका साळूबाईचा होता. नगारा तिच्या दारी गेला.

भिवाजीला घरात बसवेना. ओसरीवरून परसात, परसातून ओसरीवर.

"अहो, दोन घास तरी खा," बायको म्हणाली.

"त्या आंधळ्याला काय कळतंय?"

"दहा वर्षं त्याच बोटांनी तुम्हाला निवडलं, तेव्हा बरं कळत होतं!"

खरं होतं, म्हणूनच बोचलं. आणि खरं बोचलं, की माणूस जास्तच चवताळतो. तो तडक चावडीवर गेला. "आंधळा मोजतो आणि तुम्ही डोळस असून ऐकून घेता? लाज नाही वाटत?"

मग डोळसांनी मोजलं. एकशे सात, त्र्याण्णव. शेजारगावचे पंच आणले. त्यांनी मोजलं, तेच आलं. शेवटी भरदुपारी चौघांना घेऊन भिवाजी साळूबाईच्या दारातला नगारा उचलायला गेला. आळीतल्या बायकांनीच त्याला हुसकून लावलं.

"सुटलो बाबा," गाव म्हणालं. "नगारा जागेवर आहे. झालं गेलं गंगेला मिळालं."

भोळं गाव! पुढच्या उन्हाळ्यात मडकं मांडलं, तर धोंडीबाबा आलेच नाहीत. "माझ्या बोटांवर आता माझाच भरवसा राहिला नाही," त्यांनी निरोप धाडला. मग भिवाजीच्या वरच्या आळीनं आपला मोजणारा बसवला, साळूबाईच्या खालच्या आळीनं आपला.

त्या वर्षी भिवाजी जिंकला. खरोखरीच जिंकला. दारोदार हात जोडले होते त्यानं. तो आनंदानं नगाऱ्याकडे निघाला, तेवढ्यात मागून आवाज आला, "आंधळा निदान डोळा तरी मारत नव्हता! पुन्हा मोजा!"

तीनदा मोजलं. तिन्ही वेळा भिवाजीच. तरी खालची आळी तोंड फिरवून घरी गेली. त्याला राग आला, पण कुणावर काढायचा, ते कळेना.

श्रावणात झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं. भिवाजीनं नगारा बडवला. वरची आळी धावत आली. खालची आळी दारात उभी राहून बघत होती.

भिवाजी चिखलातून पळत खाली गेला. "अरे, चला! बांध फुटेल!"

"मोरी उघडली, की पाणी आमच्याच शेतातून जाणार," एक म्हातारा म्हणाला. "आमचा माणूस आधी तळं बघून येईल. मग ठरवू."

"तेवढा वेळ नाही हो, काका!"

"गेल्या साली तर तुला वेळच वेळ होता. पुन्हा पुन्हा मोजायला लावलंस."

साळूबाई पदर खोचून आली. "अरे, मी त्याच्यापुढे हरलेली बाई. मी सांगते, पाणी खरंच चढलंय. चला!"

"घ्या, हीसुद्धा सामील!" कुणीतरी म्हणालं.

दोघं पळतच माघारी आली आणि दोराला लागली. जेवढी माणसं होती तेवढ्यांनी तळहात सोलून निघेपर्यंत ओढलं. फळी वीतभर उचलली आणि तिथंच अडली. मग बांध मधोमध खचला.

माणसं टेकडीवर चढली म्हणून वाचली. घरं, गोठे, उभी पिकं, काही राहिलं नाही. ना वरच्या आळीचं, ना खालच्या.

टेकडीवर भिवाजीनं धोंडीबाबांना शोधून काढलं आणि त्यांचे पाय धरले. "चुकलो, बाबा. आपण नवं गाव वसवू. पुन्हा तुम्हीच मोजा."

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मोजीन रे लेकरा. पण मोजलेलं मानणारं गाव कुठून आणू?"

भिवाजीनं त्यांचे पाय सोडले नाहीत. तो तसाच बसून रडला.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: गावाचा कौल उलटवायचा डाव फसला म्हणून निर्धास्त होऊ नये, त्यानं पेरलेला संशय उगवल्यावाचून राहत नाही.