चार किलोमीटर

"आणि पुण्याला?" भन्ते सुगतानंदांनी विचारलं.

"इथून? सव्वा तास. हवा बरी असेल तर पाच मिनिटं कमीच." कॅप्टन प्रज्ञेश मेश्राम हसला. "सहाशेवीस किलोमीटर म्हणजे आम्हाला काहीच नाही, भन्तेजी."

नागपुरातल्या ह्याच विहाराच्या गल्लीत तो वाढला. आता विमान चालवत होता. हवेत दहा हजार तास काढल्याचं त्यानं बसल्यापासून दोनदा सांगून झालं होतं.

आला होता तो ध्यान शिकायला. डोळे मिटले की मन ठिकाणावर राहत नाही, अशी त्याची तक्रार होती.

"पुण्याला कधी जातोस?"

"आठवड्यातून दोनदा."

"विशाखाला भेटतोस?"

प्रज्ञेशनं मनगटावरचं घड्याळ सारखं केलं.

विशाखा त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो प्रशिक्षणासाठी परदेशात होता. निरोप उशिरा मिळाला म्हणून त्यानं चार लोकांत बहिणीला नाही नाही ते सुनावलं. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद.

"वेळ कुठं असतो? उतरलो की पाऊण तासात परत निघायचं."

"सुट्टीच्या दिवशी?"

"तिचं घर लांब आहे."

"किती लांब?"

प्रज्ञेशनं खिशातला फोन काढला, परत आत ठेवला.

"किती?"

"विमानतळापासून चार किलोमीटर."

भन्ते उठले. चीवर सारखं केलं, खुंटीवरची झोळी खांद्याला अडकवली.

"कुठं निघालात?"

"पुण्याला. आज सुट्टी आहे ना तुझी? चल."

दुपारच्या विमानात दोघं शेजारी बसले. प्रज्ञेश उंची सांगत होता, वेग सांगत होता. भन्ते ऐकत होते. मग त्यांचा डोळा लागला.

पुण्यात रिक्षा त्यानं एक गल्ली आधीच थांबवली. उरलेलं अंतर तो इतका सावकाश चालला, की म्हातारे भन्ते दोनदा पुढं जाऊन त्याच्यासाठी थांबले.

तिसऱ्या मजल्यावर दारापाशी येऊन तो उभा राहिला. घंटीपर्यंत गेलेला हात खाली आला.

"तिनं तोंडावर दार लावलं तर?"

भन्ते दाराकडे पाठ करून जिन्याच्या पायरीवर बसले.

बराच वेळ गेला... मग घंटी वाजली.

विशाखानं दार उघडलं. तिचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. हे त्याला ठाऊक नव्हतं.

"ताई..." तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"तुझा फोन लागत नव्हता रे," ती म्हणाली. "सकाळपासून लावत होते मी."

आई गेली त्या दिवसाचं हेच ती सहा वर्षांपूर्वी सांगायला निघाली होती. त्यानं तेव्हा तिला बोलूच दिलं नव्हतं.

प्रज्ञेशनं चौकट धरली. तिनं त्याच्या दंडाला धरून त्याला आत घेतलं.

थोड्या वेळानं तो डोळे पुसत बाहेर आला. भन्ते जिना उतरायला लागले होते.

"भन्तेजी, ताई आत बोलावतेय. आणि संध्याकाळच्या विमानाचं तिकीट काढतो तुमचं."

"नको. रेल्वेनं जाईन."

"अहो, चौदा-पंधरा तास लागतील!"

"लागू देत," कठडा धरून खालची पायरी उतरत भन्ते म्हणाले. "माझी कुणी वाट बघत नाही."