दोन राजे आणि जायफळाचं दूध

फार फार पूर्वी, नद्या आपल्याच मालकीच्या आहेत असं राजांना वाटायचं, त्या काळची ही गोष्ट.

एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. एकीकडे धवलसेन राज्य करी, दुसरीकडे इंद्रदत्त. नदीवर बंधारा बांधायचा होता. पण पाणी कुणाचं, यावरून भांडण पेटलं. दोन्ही काठांवर फौजा उभ्या राहिल्या. शत्रू रात्री घाला घालील, या धास्तीनं दोन्ही राजांची झोप उडाली. दिवसा बोलणी करायला बसले, की तांबारलेल्या डोळ्यांनी एकमेकांवर खेकसत. शेवटी ठरलं, उद्या सकाळी लढाई!

हे आक्काराणीच्या कानावर गेलं. ती धवलसेनाची आत्या आणि इंद्रदत्ताची काकू. तिनं दोघांनाही संध्याकाळी आपल्या घरी बोलावलं. तिचा शब्द मोडायची हिंमत दोघांतही नव्हती.

"लढायचं तर खुशाल लढा," ती म्हणाली, "पण आज नीट झोपा. पेंगत पेंगत घोड्यावरून पडलात, तर माहेर आणि सासर, दोन्हीकडे माझंच हसं होईल."

तिनं जायफळाच्या दुधाचे दोन पेले पुढं ठेवले. विषाच्या शंकेनं कुणी हात लावेना.

"आधी त्यानं प्यावं," धवलसेन म्हणाला.

"मी का? आत्या तुझी आहे!" इंद्रदत्त म्हणाला.

आक्काराणीनं दोन्ही पेले उचलून मांजरापुढं ओतले. "माझ्या हातचं नको ना? मग एकमेकांच्या हातचं प्या. चला चुलीशी."

धवलसेनानं दूध चुलीवर ठेवलं. इंद्रदत्त सहाणेवर जायफळ उगाळू लागला. पण धवलसेनाची नजर इंद्रदत्ताच्या बोटांवर आणि इंद्रदत्ताची धवलसेनाच्या बाहीवर. दुधाकडे कुणीच बघेना. फस्सकन दूध उतू गेलं आणि चूल विझली.

"आता एवढंच उरलंय," आक्काराणी दुसरं भांडं पुढं सरकवत म्हणाली. "एकमेकांकडे बघत बसाल, तर हेही जाईल."

मग मात्र दोघांनी चूल पुन्हा पेटवली आणि आपापल्या कामात मान घातली. दूध मंद आचेवर आटलं. त्यात जायफळ आणि खडीसाखर पडली, सगळीकडे गोड वास सुटला. पेले भरले.

मग इंद्रदत्तानं डोळे मिटले आणि एका दमात पेला रिकामा केला. धवलसेन त्याच्याकडे बघतच राहिला.

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली. पण भ्यायचाही कंटाळा आला रे आता!"

धवलसेन पोट धरून हसला आणि त्यानंही आपला पेला तोंडाला लावला. त्याच्या मिशांना साय लागली, तशी आक्काराणीही हसू लागली.

सकाळी रणशिंगं वाजली. फौजा वाट बघत राहिल्या. राजे एकाच ओसरीवर घोरत होते. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दोघे उठले. ताज्या डोक्यानं बोलायला बसले आणि जेवणाची पानं मांडली जाण्याआधी वाद मिटला: बंधारा दोघांनी मिळून बांधायचा, पाणी निम्मंनिम्मं. सैनिकांनी तलवारी ठेवून कुदळी घेतल्या, आणि त्या वर्षी दोन्ही काठांवरची शेतं हिरवीगार झाली.

तात्पर्य: विश्वासाचा पहिला घोट जो घेतो, तो स्वतःही निश्चिंत झोपतो आणि शेजाऱ्यालाही झोपू देतो.