देवीचं हसू आणि हजार दिवे

खूप खूप पूर्वीची, म्हणजे राजांना थोडीफार सवड असायची तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगराच्या कुशीत देवीचं दगडी देऊळ होतं. ते किती जुनं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गाभाऱ्यात खिडकी नव्हती, झरोका नव्हता. देवीच्या डाव्या बाजूला, जमिनीलगत, एक लहानसा कोनाडा तेवढा होता. दिवेलागणीला गुरवीण त्यात एक दिवा ठेवायची. लोक देवीपुढे जमिनीवर बसायचे आणि ज्योत स्थिर झाली की देवी हसायची. ओठांच्या कडेला इतकं कोवळं हसू उमटायचं, की घरून भांडून आलेल्या जावाही एकमेकींना खेटून बसायच्या.

त्या राज्याच्या राजानं पाच वर्षांचा असताना, आईच्या मांडीवर बसून, ते हसू पाहिलं होतं. आई त्याच्या कानात म्हणाली होती, "बघ, हसली."

पुढच्याच वर्षी आई गेली. राजा मोठा झाला, लढाया जिंकला, त्याच्या मिशा पिकल्या. आईचा चेहरा तो पार विसरून गेला होता. देवीचं हसू मात्र आठवायचं, आणि आठवलं की त्याचा घास हातातच राहायचा. ते पुन्हा एकदा पाहायचं, एवढ्या एकाच गोष्टीची त्याला ओढ लागली होती.

अखेर तो देवळात आला. दिवेलागण झाली होती. राजा गाभाऱ्याच्या दारात उभा राहिला. त्यानं पाहिलं, डोळे चोळून पुन्हा पाहिलं. देवी काही हसेना.

गुरवीण आता म्हातारी झाली होती. ती म्हणाली, "महाराज, अंमळ खाली बसा. दिवा खाली आहे, तर नजरही खालीच हवी."

प्रधानाला हसू आलं. "राजानं फरशीवर बसायचं? अहो बाई, उजेड कमी पडतोय, एवढं कळत नाही? एवढ्या मोठ्या राज्याची देवी आणि दिवा एक. पाहुणे काय म्हणतील?"

राजाला ते पटलं. राजांना असलं चटकन पटतं.

दुसऱ्या दिवशी गाभाऱ्यात समया आल्या, छताला लामणदिवे लागले, भिंतींना मशाली लागल्या. देवीच्या मुकुटावरची पाकळी न् पाकळी दिसू लागली. पण सगळीकडून उजेड आला, तशी चेहऱ्यावर सावलीला जागाच उरली नाही. चेहरा भाकरीसारखा सपाट दिसू लागला.

"अजून दिवे लावा," राजा म्हणाला.

"नका, महाराज," गुरवीण म्हणाली. "कारागिरानं हसू निम्मं दगडात कोरलंय आणि निम्मं सावलीवर सोपवलंय. सावली गेली तर ते उमटायचं कुठून?"

प्रधानानं तिला घरी बसवलं. दिवे वाढत वाढत हजारावर गेले. वर्षभरात त्यांच्या काजळीनं देवीचं तोंड काळंठिक्कर झालं. मग प्रधानानं चार गडी लावले आणि काथ्या न् विटेचा भुगा घेऊन मूर्ती घासून घेतली. मूर्ती लख्ख झाली. प्रधान खूश झाला. राजा रोज यायचा, दारात उभा राहायचा आणि तसाच परत जायचा.

एके दिवशी तो थकला. त्यानं सगळे दिवे विझवायला सांगितले आणि गुरविणीला बोलावणं धाडलं. ती आली. तिनं कोनाड्यात एक दिवा लावला. राजा मुकुट काढून फरशीवर बसला. ज्योत स्थिर झाली.

देवीचा चेहरा नदीतल्या गोट्यासारखा कोराच राहिला.

गुरविणीनं मूर्तीच्या ओठांवरून बोट फिरवलं. "कड झिजली, महाराज. घासण्यात गेली."

राजा रडला. कुणी बघतंय याची त्यानं पर्वा केली नाही. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "मी आईबरोबर आलो होतो, तेव्हा तुम्ही इथं होतात ना? कशी हसली होती हो देवी?"

"देवी रोजच्यासारखीच हसली," गुरवीण म्हणाली. "पण आईसाहेब देवीकडे बघतच नव्हत्या. त्या तुमच्या तोंडाकडे बघत होत्या आणि हसत होत्या. अगदी देवीसारख्याच."

राजानं मान वर करून त्या कोऱ्या दगडाकडे पाहिलं. आईचा चेहरा शोधायला त्याच्याकडे तेवढी एकच जागा होती, आणि ती त्यानंच घासून टाकली होती.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, जिवापाड हवं असलेलं पाहायला पुरेल इतकाच उजेड करावा. त्याहून जास्तीची हाव धरली, की आहे तेही हातचं जातं.