फिरंगी उंदराचा पहिला मान

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी खारवाडीची सगळी घरं जाळायची, असा राजाचा हुकूम सुटला होता. आणि गुन्हा केला होता एका उंदराने!

या उंदराने भूपालराजांच्या मंदिलाचा जरीचा तुरा कुरतडला. उंदीरही साधासुधा नव्हे. गलबतांतून आलेला, मांजराच्याच अंगावर धावून जाणारा फिरंगी उंदीर! राजे खवळले. "हा परदेशी चोर माझ्या राज्यात पहिल्यांदा कुठे उतरला? कधी उतरला? शोधून काढा! ती जागाच जाळून टाकतो!"

कारभाऱ्यांनी सगळा किनारा पालथा घातला. पण जाळायला आपल्या गावाचं नाव कोण देणार? गावोगाव लोकांनी कानांवर हात ठेवले. "फिरंगी उंदीर? आमच्याकडे नाय बा!" राज्यात उंदीरच नाही, असं सिद्ध व्हायची वेळ आली. शेवटी कारभारी खारवाडीत जेवले, पडवीत आडवे झाले आणि त्यांच्या पोटावरून एक उंदीर आरामात चालत गेला. झालं! जिथे कारभाऱ्यांचा डोळा लागला, तिथेच फिरंगी उंदीर पहिल्यांदा उतरला, असं सरकारदरबारी ठरून गेलं.

खारवाडीत दोर वळणाऱ्या धाकू पागीची मुलगी येसू हे ऐकून आधी खो खो हसली. मग नुकतंच शाकारलेलं आपलं छप्पर तिने पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. रडून उपयोग नव्हता. हातातला काथ्या खाली टाकून ती तशीच राजवाड्यावर गेली.

"म्हाराज, उंदीर पयलो खय उतारलो ता मी शोधून देतंय!"

"कारभाऱ्यांनी शोधलंय!"

"कारभाऱ्यांका एक उंदीर गावलो, म्हाराज. पयलो खयचो, ता कोणी बघल्यान?"

राजांनी कारभाऱ्यांकडे पाहिलं. कारभारी खाकरले.

"आणि तू कशी शोधणार?"

"फक्त एक दवंडी पिटा. ज्या जागी फिरंगी उंदीर पयलो उतारलो, त्या जागेक पौर्णिमेच्या नारळाचो पयलो मान!"

दरबार चपापला. दर्याला सोन्याचा नारळ वाहण्याचा पहिला मान राजघराण्याचा. तो कोणी मागितलेलाही राज्यात कोणी ऐकला नव्हता.

"मान देऊन बसू की काय मी?" राजे ओरडले.

"सापळ्यात खोबरा लावूक नको, म्हाराज?"

राजांना ते पटलं. खोबरं लावलं म्हणजे उंदराला मिळतंच असं थोडंच आहे!

"पण जागा ठरली की तीच जाळतलात मा? मगे ती कोणाचीय असूंदे?"

"कोणाचीही असो! राजाचा शब्द आहे!"

पौर्णिमेला किनाऱ्यावर ही गर्दी! कालपर्यंत ज्या गावांत औषधाला उंदीर नव्हता, तिथले पाटील फेटे बांधून हजर. घरं जाळायची ती खारवाडीची, हे ठरलेलंच आहे. आपण मान तेवढा घ्यावा, असा ज्याचा त्याचा विचार.

"माझ्या आज्याच्या वेळेक इलो तो! खजुराच्या गलबतातून!" एक पाटील गरजले.

"आमच्याकडे माझ्या पणज्यान बघल्यान!" दुसरे पुढे सरसावले. "तुमच्याकडे गेलो तो आमच्याकडसूनच!"

"आमच्या गावात माणसां नंतर इली, उंदीर आधी!" तिसऱ्या गावची म्हातारी काठी आपटत म्हणाली.

खुद्द धाकूच्याही तोंडाला पाणी सुटलं. तो हात वर करणार, तोच येसूने मागून त्याचा सदरा खेचला. "बाबा, गप ऱ्हवा! घर नको तुमका?"

हमरीतुमरी वाढली, फेटे सुटले. एका पाटलाने तर नारळ आपलाच समजून राजांपुढे दोन्ही हात पसरले. ते हात पाहून राजांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हात मागे घ्या! पहिला मान आमचाच, आणि पहिला उंदीरही आमचाच! आमच्या आजोबांसाठी फिरंगी घड्याळाची पेटी आली, तेव्हा तिच्या पेंढ्यातून उडी मारून तो राजवाड्यात उतरला! आजीसाहेब किंचाळत पलंगावर चढल्या होत्या. राज्यात तेव्हा दुसरा फिरंगी उंदीर असेल, तर दाखवा!"

राजापुढे कोण बोलणार? सगळे पाटील फेटे सावरत मागे सरले. येसू मात्र पुढे झाली आणि तिने वाकून मुजरा केला.

"गावली जागा, म्हाराज! खय उतारलो? राजवाड्यात. कधी? घड्याळाची पेटी इली तेव्हा. साक्षीदार खुद्द तुमी! उद्या पेटवूची सुरुवात दिवाणखान्यापासून करूची, की मुदपाकखान्यापासून?"

राजांचा चेहरा उतरला. मग राजांची मिशी थरथरली, खांदे हलले आणि ते इतके हसले की सोन्याचा नारळ हातातून निसटता निसटता वाचला. हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला. खारवाडीकरांनी येसूला खांद्यावर घेतलं.

"पण पोरी, घड्याळाच्या पेटीचं तुला कोणी सांगितलं?" राजांनी डोळे पुसत विचारलं.

"कोणी नाय, म्हाराज! पेटीचा माका आताच कळला. पण दुसऱ्याक मान जाताना बघून गप बसात, असो माणूस आपल्या राज्यात नाय, एवढा मात्र ठावक होता!"

राजे पुन्हा हसत सुटले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं आणि आरमारातल्या सगळ्या गलबतांचे दोर यापुढे येसूकडूनच घ्यायचे, असं तिथेच सांगून टाकलं.