मठातलं भूत

मठाच्या बुवांनी केशरबाईंना गावासमोर उभं केलं. रक्ताचं म्हणून आणलेलं तांबूस पाणी दोन पेल्यांत होतं; पहिल्यात बुवांनी मठातलं पॅराफिन तेल ढवळलं. रंग तसाच राहिला. दुसऱ्या पेल्यात बाईंच्या घरातलं टर्पेंटाइन पडलं, आणि तांबडेपणा विरत विरत नाहीसा झाला. बाया मागे सरकल्या.

“हिच्या घरातलं भूत रक्त प्यालं! हिला गावाबाहेर काढा!” बुवा गरजले.

केशरबाई पहिल्या पेल्यावर वाकल्या. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी वीस वर्षं नळ्या धुतल्या होत्या. तो उग्र वास त्यांनी ओळखला.

“हे रक्त नाही, ब्रोमीन नावाचं रसायन आहे. तुमचं पॅराफिन संपृक्त, म्हणजे आधीच भरलेलं, त्यात ब्रोमीनला जागाच नाही. टर्पेंटाइन असंपृक्त, त्यात जागा शिल्लक असते, म्हणून ते त्याला धरून ठेवतं आणि रंग जातो. तुमचा मठ रंगवतायत ना? रंग पातळ करायला आणलेलं तिथलं टर्पेंटाइन घालून बघा.”

सरपंचांनी मठातून डबा आणवला. तांबूस पाण्यात ते पडताच रंग पुन्हा गेला.

“आता मठातल्या भुताला कुठे काढायचं, बुवा?” बाईंनी विचारलं.