लुमा ओतारी आणि ठकूच्या म्हशी

फार वर्षांपूर्वी, घाटात सडक यायच्या कितीतरी आधी, आपल्या हिरडेवाडीत लुमा नावाचा एक ओतारी राहायचा. ओतारी म्हणजे पितळ नि कासं वितळवून त्याची भांडी, समया, घंटा ओतणारा. आता नीट बसा आणि मधे मधे बोलू नका, माझा धागा तुटतो. धाग्याशिवाय मी सांगायला लागले तर लुमा राहील बाजूला आणि मी माझ्या माहेरी पोचेन.

लुमाचा बाप हैबती. मोठा कसबी माणूस. हैबतीच्या हातचा तांब्या लेकीला लग्नात दिला, की तो तिच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत टिकायचा. अशा माणसाच्या पोटी हे ध्यान जन्माला आलं. लुमाला लहानपणापासून एकच खोड, दिसेल ती वस्तू वाजवून बघायची. पंगतीत बसला की ताट वाजवायचा. देवळात गेला की घंटा वाजवून नाद पार विरेपर्यंत तोंड उघडं टाकून तिथंच उभा राहायचा. मागं माणसं खोळंबली तरी याला पत्ता नाही. असं म्हणतात, पाळण्यात रडायला लागला की त्याची आई उलथनं घेऊन तवा वाजवायची, आणि पोर गप्प व्हायचं. मी काही बघायला गेले नव्हते.

मोठा झाला, बापाच्या हाताखाली ओतायला लागला, आणि घोटाळा सुरू झाला. लुमा तांब्या ओतायचा तो पाण्यासाठी नाही, कानासाठी. अंग पातळ करायचा, काठ रुंद करायचा, बूड निमुळतं करायचा. टिचकी मारली की असा गोड नाद निघायचा की अंगावर काटा यावा. पण पाणी भरलं की तांब्या कलंडायचा! समई ओतली तर ती गुणगुणायची झकास, पण सरळ उभी राहील तर शपथ. बायका तणतणत भांडी परत आणून अंगणात आपटायच्या.

हैबती कपाळावर हात मारून घ्यायचा. म्हणायचा, "अरे बाबा, लोकांना पाणी प्यायचंय. तांब्या ऐकायचा न्हाई त्यांना!"

लुमा एकदा रुसून घाटाखालच्या पेठेत गेला. तिथं एका मोठ्या कारखानदाराकडे देवाच्या मूर्ती, झुलते दिवे, नक्षीचे डबे ओतत राहिला. लोक यायचे, वा वा म्हणायचे, वस्तू घेऊन निघून जायचे. लुमाला बरं वाटायचं, पण तेवढ्यापुरतंच. एके दिवशी तो आला तसा परत आला. आईनं विचारलं, "का रे, पोटाला मिळंना का?"

"पोटाला मिळत हुतं," लुमा म्हणाला. "पर मी न्हाई ओतलं तर कुणाचं काय अडतंय, तेच कळंना."

आता याला काय म्हणावं? पण हसू नका. ज्याच्या हातात काही करायची आग असते, त्याला हा प्रश्न एकदा तरी छळतोच. तुमच्यातही कुणाला छळत असेल, मला काय दिसत नाही असं समजू नका.

हैबतीला मात्र असले प्रश्न परवडत नव्हते. त्यानं सांगून टाकलं, "दिवाळीपातुर बघीन. तवर तुज्या हातची एक तरी वस्तू कुणाच्या घरात टिकली, तर भट्टी तुजी. न्हाईतर भाता धाकट्याच्या हातात, आणि तू लोकांची गुरं वळायची."

याच सुमाराला वरच्या सड्यावर ठकूमावशीचं दुखणं वाढलं. सडा म्हणजे आपल्या गावाच्या डोक्यावरचं ते उघडं पठार. तिथं ठकू नावाची एक विधवा गवळण आपल्या म्हशी घेऊन एकटी राहायची. जिभेची तिखट, पण म्हशींशी बोलायला लागली की आवाज पार लोण्यासारखा. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उन्हात तिला सावल्या दिसायच्या आणि धुक्यात तेही नाही. आपल्या सड्यावरचं धुकं तुम्हाला ठाऊक आहे, आपलाच हात आपल्याला दिसत नाही. पलीकडे सरळ कडा.

तिचा दीर रायबा गावात राहायचा. माणूस वाईट नव्हता, उलट तिच्या काळजीनंच बोलायचा, "वैनी, म्हशी विकू आणि तू खाली आमच्यात येऊन ऱ्हा. आंधळ्या माणसानं कड्यावर कशाला मरायचं?"

ठकू म्हणायची, "खाली येऊन काय करू? कोपऱ्यात बसून भाकरीची वाट बगू?"

शेवटी दोघांचं ठरलं, की आता एक जरी म्हैस धुक्यात गेली, तर ठकूनं मुकाट्यानं सडा सोडायचा. ठकूनं मान्य केलं, आणि दुसऱ्याच दिवशी काठी टेकत, लोकांना विचारत लुमाच्या भट्टीवर आली.

म्हणाली, "लेका, तू वाजणाऱ्या वस्तू करतोस म्हनं. माज्या म्हशींच्या गळ्यात कायतरी वाजणारं घाल. मला त्या दिसत न्हाईत, ऐकू तरी येऊ देत."

लुमाला आनंदानं काय करू नि काय नको झालं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याकडे नाद मागायला आलं होतं! त्यानं मेणाच्या घंटा घडवल्या, त्यांच्यावर माती-शेणाचे लेप दिले, भट्टीत भाजून मेण वितळवलं आणि त्या पोकळीत तापलेला रस ओतला. साचे फोडले आणि घंटा बाहेर आल्या. असं म्हणतात, तशा सुरेल घंटा त्याआधी कुणी ओतल्या नव्हत्या आणि त्यानंतरही नाहीत. सगळ्यांचा सूर एकमेकींत मिसळलेला. म्हशी चरायला निघाल्या की सगळा सडा गायला लागायचा. कड्यावरची माकडं उड्या मारायची थांबायची, असं म्हणतात. हैबतीसुद्धा एकदा गुपचूप वर जाऊन ऐकून आला.

आणि मग धुकं आलं. ठकू म्हशी हाकत होती. चारी बाजूंनी तो गोड नाद, इकडून तोच आणि तिकडूनही तोच. कोण कुठं आहे काही उमगेना. तिनं हाक मारली, काठी आपटली, पण चंद्री नावाची तिची लाडकी म्हैस कड्याच्या बाजूला सरकत गेली ते तिला कळलंच नाही. धुकं विरलं तेव्हा चंद्री दरीत होती.

ठकू तिथंच मट्‌कन बसली. लुमा धावत वर आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वाजतंय लई ग्वाड रे. पर कोन कुठं हाय, ते कळत न्हाई."

ही त्याची चूक, पोरांनो. घंटा त्यानं ठकूसाठी ओतल्या, पण ओतताना ऐकल्या स्वतःच्या कानानं. त्याला जे गोड लागलं ते केलं. ठकूला काय ऐकू यायला हवं, हे विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

लुमा घरी आला आणि भट्टीकडे पाठ करून बसला. बापाला म्हणाला, "भाता धाकट्याला द्या. माझ्या हातानं म्हैस मेली." तिकडं रायबानं म्हशींना गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली. शब्द तो शब्द. पावसाळा सरला की खालच्या गावचे लोक येऊन म्हशी नेणार, असं ठरलं.

आणि कोण आलं असेल लुमाकडे? ठकूच! घंटांचं गाठोडं डोक्यावर घेऊन, चिखलात दोनदा पडून, लुगडं माखवून. गाठोडं तिनं त्याच्या पुढ्यात आदळलं.

"मावशे, मी ओतायचं सोडलं," लुमा म्हणाला.

"सोडलंस? आन चंद्री माजी उगीच गेली व्हय?" ठकू कडाडली. "तिच्या जिवावर तू एक गोष्ट शिकलास. ती घिऊन आता घरात बसतोस? रडायचंच आसंल तर सड्यावर यिऊन रड. म्हशींची वळख तरी हुईल!"

असं बोलल्यावर माणूस काय करणार? लुमा उठला आणि तिच्या मागोमाग वर गेला.

सड्यावर त्यानं डोळ्यांना फडकं बांधलं आणि ठकूसारखाच म्हशींमागं चालायला लागला. ठेचकाळला, शेणात पडला, भुरी म्हशीनं त्याला एकदा ढुशी देऊन तळ्यात ढकललं. ठकू हसून हसून बेजार. पण हळूहळू त्याला कळत गेलं. मोरी एक पाय ओढत चालते. भुरीला दम नाही, पाण्याचा वास आला की सुटते. गुजरी अर्धा दिवस उभी राहते आणि डोळा चुकवून भलतीकडेच चालू लागते. रोज संध्याकाळी तो ठकूला विचारायचा, "मावशे, तुला काय ऐकायला हवं?" ती सांगायची आणि तो ऐकायचा. असा तो अख्खा पावसाळा तिथं राहिला.

मग त्यानं त्या सगळ्या सुरेल घंटा मुशीत टाकल्या. त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं, इतक्या सुंदर होत्या त्या. पण लुमानं त्या वितळवल्या. मोरीसाठी जड, खोल आवाजाची घंटा ओतली, पावलापावलाला अडखळत वाजणारी. भुरीसाठी बारीक, उतावळी. आणि गुजरीची तर अशी भसाडी झाली की धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, ही फुटकी झाली, परत वत." लुमालाही ती कानाला बोचत होती. तो ती वितळवणारच होता, तेवढ्यात दारातून ठकूचा आवाज आला, "गुजरे! हिकडं कुठं मराया आलीस गं?"

घंटा नुसती हातात हलली होती, म्हैस मैलभर लांब सड्यावर. लुमानं ती घंटा उराशी धरली आणि लहान पोरासारखा रडला.

ज्या दिवशी म्हशी न्यायला गिऱ्हाईक आलं, त्या दिवशी धुकं असं दाट होतं की रायबा आपल्या वहिनीचं झोपडं शोधताना दोनदा गोठ्यावर आदळला. ठकू बाहेर दगडावर बसलेली. म्हणाली, "रायबा, हात धर माजा आन बोट दाखवीन तिकडं बघ. ती मोरी, खडकाच्या कडंला. भुरी तळ्याकडं निगाली. आन गुजरी कड्याकडं चाललीय, थांब." तिनं आवाज टाकला आणि धुक्यातनं ती भसाडी घंटा ठणाणा करत माघारी वळली. धुकं विरलं तेव्हा एकूणएक म्हैस तिनं दाखवली होती तिथंच उभी होती.

रायबानं जवळ जाऊन एकेका घंटेला हात लावून बघितला. मग लुमाला बाजूला घेऊन म्हणाला, "माज्या बैलांस्नी पन एकेक वतून देशील का?" गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं. दिवाळीला हैबतीनं भट्टीची किल्ली लुमाच्या हातात ठेवली आणि स्वतः भाता ओढायला बसला.

पुढं काय काय झालं ते सांगायला बसले तर सकाळ होईल. लुमाच्या घंटांना घाटावरून आणि घाटाखालून मागणी आली, पण जनावरामागं चालल्याशिवाय आणि मालकाला विचारल्याशिवाय त्यानं एकही ओतली नाही. असं म्हणतात, एकदा धुक्यात वाट चुकलेलं लग्नाचं वऱ्हाड मोरीच्या घंटेमागं चालत आलं आणि मुहूर्ताला मांडवात पोचलं. असंही म्हणतात, की सड्यावरचा बिबट्या गुजरीची घंटा ऐकली की वाट बदलायचा. त्यात मला नवल वाटत नाही.

केस पिकायला लागले तसे लुमाचे कान गेले. त्याचे कान, बघा! मग तो घंटा ओतायचा, हातानं तिची थरथर बघायचा, आणि ठकूच्या कानाजवळ नेऊन हलवायचा. ती मान डोलवायची किंवा नाक मुरडायची. तो बघायचा आणि ती ऐकायची, आणि दोघं मिळून एक घंटा पुरी करायची. ठकू गेली त्या दिवशी म्हशी आपणहून झोपडीभोवती येऊन उभ्या राहिल्या, मान न हलवता. एकही घंटा वाजली नाही. सगळा गाव तिथं होता आणि सगळ्यांना ती शांतता ऐकू येत होती. फक्त बहिरा लुमा डोळे पुसत म्हणाला, "सगळ्या कशा निराळ्या वाजतायत. एक बी चुकत न्हाई." असं म्हणतात, आणि हे मात्र मी खरं मानते.

अजून आपल्या गावात लुमाबाबाचं देऊळ नाही की समाधी नाही. पण कुणाच्या हातचं पहिलं काम फसलं, तर हिरडेवाडीत त्याला कुणी फसलं म्हणत नाही. पोरीची भाकरी करपली, पोराची दावण सुटली, सुताराचा पाट डुगडुगला, गवयाची तान घसरली, की गाव म्हणतं, "ही लुमाची." ती भाकरी फेकायची नाही, घरातल्या मोठ्यानं पहिला घास घ्यायचा. त्या पाटावर सगळ्यांनी एकदा बसायचं. मग ज्यानं ते काम केलं, त्याला समोर बोलवायचं. रागवायचं नाही, शिकवायचंही नाही, फक्त विचारायचं, "ही लुमाची झाली. आता दुसरी कुणासाठी करतोस?"

आणि त्यानं नाव सांगेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं.